ओमकारला, गुडघा सोडून

कोल्हापूर

चि. ओमकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच कापला. रेंज गेली असं पप्पांना सांगितलं, पण त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. सतीशकाका शनिवारी मडगावला निघालाय, त्याच्याकडे चटणीची बरणी आणि हे पत्र देते. फोनवर तू मध्येच बोलतोस, कागदावर नाही बोलता येणार. गुडघ्याचं एक अक्षर काढायचं नाही असं ठरवून बसले आहे.

जेवण बरं मिळतं का? गाद्या उन्हात टाकता का? खोली अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे का? म्हणजे दिवसातून किती वेळा जिना होतो?

बघ, आलंच.

तुझं स्टेटस बघितल्यापासून झोप नाही रे. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने झालेत फक्त, आणि तू बूट घालून गोलवर शूटिंग करतोस, वर आगीची चित्रं टाकतोस. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले तेव्हा मी तिथेच खुर्चीवर होते. आता तुझे कोचसाहेब म्हणतात, वीस मिनिटं तरी उतर. वीस मिनिटं म्हणे.

म्हणून म्हटलं, रोनाल्डोचं लिहावं. तुमचा पोर्तुगालवाला नव्हे, पप्पांचा. ब्राझीलचा.

30 जून 2002, रविवार. फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल. लग्नाला माझ्या दोन महिने झाले होते. पेठेत ब्राझीलचे झेंडे, पलीकडच्या गल्लीत अर्जेंटिनावाले पहिल्याच फेरीत बाहेर पडून तोंड पाडून बसलेले. साडेचारला मॅच सुरू झाली. टीव्ही कट्ट्यावर काढलेला, मी चहाचा ट्रे घेऊन उभी. तर हा माणूस दिसला. डोकं तासलेलं आणि कपाळावर तेवढा केसांचा त्रिकोण, जावळ काढता काढता न्हावी उठून गेल्यासारखा. मी हसले, तर तुझ्या आजीनं डोळे वटारले. पायाचं दुखणं सोडून लोकांनी केसांवर बोलावं म्हणून त्यानं ते केलं होतं, हे पुढे त्यानंच सांगितलं. पोरांनी तसले केस कापून घेतले म्हणून त्यांच्या आयांची माफीही मागितली. तेव्हापासून मला तो आपला वाटतो.

जर्मनीच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला आणि हा आधीच तिथे पोचलेला. मग दुसराही त्याचाच. त्या वर्ल्ड कपमध्ये 8 गोल. पप्पा कट्ट्यावर बसून रडले. नवीन नवरा असा चारचौघांत रडतोय, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या पायावरून हात फिरवत. मला झोप येत होती, निम्मं ऐकलंच नाही.

आता तीन रात्री मोबाइलवर बघतेय. नोव्हेंबर 1999 मध्ये इटलीतल्या इंटर मिलान क्लबकडून खेळताना त्याचा उजवा गुडघा गेला. 12 एप्रिल 2000 ला रोममध्ये लाझिओ क्लबविरुद्ध परत उतरला. मी बोटांवर मोजले, पाच महिनेसुद्धा भरत नाहीत. सहा-सात मिनिटं खेळला असेल. बॉल घेऊन पुढे गेला, बॉलवरून पाय फिरवला आणि खाली. कोणी धक्का दिला नाही, कोणी हात लावला नाही. गुडघा धरून ओरडत होता. मी मोबाइल पालथा ठेवला. मग पुन्हा उचलून पुन्हा बघितलं, का ते माहीत नाही.

तू म्हणशील, त्याचं वाटीखालचं टेंडन, माझं लिगामेंट, आई तुला काय कळतं. नाही कळत. कापड फाटलं की शिवता येतं, एवढं कळतं. शिवलेलं लगेच ताणलं की शिवणीच्या बाजूनं उसवतं, हेही कळतं. त्यानंतर पुढचा अख्खा सीझन तो खेळला नाही. कट्ट्यावरच्या त्या रविवारपर्यंत दोन वर्षं गेली होती.

आणि 1998 च्या वर्ल्ड कपची फायनल. दुपारी हॉटेलात त्याला फिट आलेली, यादीतून नाव काढलेलं, आणि मॅचआधी परत घातलं. 21 वर्षांचा होता, तुझ्याएवढा. त्याला परत बूट घालू देताना मोठी माणसं गप्प कशी बसली? नाही, खेळतो असं तोच म्हणाला असेल. तुम्ही म्हणताच.

भाषण झालं माझं. चुकलं. तू लहान नाहीस. निवड झाली त्या दिवशी पेपरातला तुझा फोटो मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, अजून तिथेच आहे. बसच्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून रोनाल्डोचं लहानपणी फ्लामेंगो क्लबात जाणं हुकलं म्हणतात. ते वाचून मला पुण्याची ट्रायल आणि भिशी आठवली. अक्काला अजून माहीत नाही, सांगू नकोस.

शेवटी 2011 मध्ये शरीरापुढे हरलो म्हणत त्यानं खेळ सोडला. त्याआधी 2008 मध्ये डावा गुडघाही गेला होता. थायरॉइड होता त्याला, आणि लोक जाड्या म्हणून हसत राहिले. सकाळी उपाशीपोटी मी थायरॉइडचीच गोळी घेते ना, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पप्पा अंबाबाईच्या देवळात पायऱ्या कसे उतरतात ते तू बघतोसच. शाहू स्टेडियमवरच्या त्या मॅचचं ते बोलत नाहीत, मीही नाही बोलणार. कालच म्हणाले, "पोराला काही सांगू नकोस." मग थोड्या वेळानं, "सांग."

बरणीला माझा जुना टेप गुंडाळलाय. गणपतीत घरी आलास तेव्हा मी माप घेतलं होतं, आठवतं? उजवी मांडी साडेएकवीस, डावी वीस. तसंच घे. वाटीच्या वर चार बोटं सोडून, दोन्ही पायांचं, उभं राहून. ओढून घेऊ नकोस. आकडे मला कळव. "बरं आहे" चालणार नाही.

तुझी,
आई