जो दरवाजा उघडणार नाही, तो आधी सांगा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
एसी लोकलच्या स्वयंचलित दरवाज्यांची देखभाल पाहणारी कंपनी,
मुंबई.

विषय : नादुरुस्त दरवाजा प्रवाशांना न कळवता बंद ठेवल्याबद्दल आणि त्याविषयीची तक्रार परस्पर निकाली काढल्याबद्दल.

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात सकाळच्या फास्ट एसी लोकलने मी आईला घेऊन ठाण्याहून घाटकोपरला निघाले होते. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, चालताना काठी लागते. डॉक्टरांची वेळ आधीच घेतलेली होती. लेडीज डबा खचाखच भरलेला होता, तरी एका मुलीने उठून आईला जागा दिली. मुलुंड गेल्यावर मी आईला उठवले आणि नेहमीप्रमाणे पुढे विचारत सरकले, 'घाटकोपर उतरणार का?' दारातल्या बायका म्हणाल्या, 'हो, आमच्या मागेच राहा.' घाटकोपर यायच्या बरेच आधी आम्ही दारापासून दोन पावलांवर उभ्या होतो. लोकलने प्रवास करणाऱ्याने जे करायचे असते, ते सगळे केले होते.

'पुढील स्टेशन घाटकोपर' अशी घोषणा झाली. गाडी थांबली. डब्यातली बाकीची दारे उघडल्याचा आवाज आला. आमचे दार उघडले नाही. दोन्ही झडपांच्या कडांचे काळे रबर एकमेकांना घट्ट चिकटलेले होते तसेच राहिले, झडप जरासुद्धा हलली नाही. बाहेर फलाटावर चढायला उभ्या असलेल्या बायका काचेवर हात मारत होत्या, आतून आम्हीही मारत होतो. काही क्षणांनी बाहेरच्या बायका पुढच्या दाराकडे धावल्या. आम्ही आत वळलो तोवर त्या दारातून चढणारी गर्दी आमच्यावर आली होती. अशा गर्दीत काठी टेकत चालणाऱ्या बाईला डब्याच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत नेणे अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात शक्य नसते. सूचनेचा आवाज झाला, दारे मिटली, गाडी सुटली.

आमच्या शेजारच्या एका मुलीने गार्डशी बोलण्यासाठी असलेले आपत्कालीन बटण दाबले. दिवा लागला, पलीकडून उत्तर मात्र आले नाही. त्याच वेळी डोक्यावरच्या स्पीकरमधून दारापासून दूर उभे राहण्याची सूचना चालू होती. कुर्ला येईपर्यंत आम्ही दोघी बायकांच्या मधून वाट काढत दुसऱ्या दाराशी पोचलो आणि तिथे उतरलो. आमच्या मूळ दाराशी उभ्या राहिलेल्या काही जणींना कुर्ल्यालाही उतरता आले नाही. मग पुलाच्या पायऱ्या चढून पलीकडच्या फलाटावर जाणे, परतीची गाडी, पुन्हा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर आई दोन्ही पाय टेकून थांबत होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेले होते. पुढची तारीख मिळाली.

मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दरवाज्यांची देखभाल आपल्या कंपनीकडे आहे, असे तिथून कळले आणि काही दिवसांनी आपले उत्तर आले. त्यात लिहिले आहे की तो दरवाजा सदोष आढळल्याने सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद करण्यात आला होता, गाडीच्या वेळेवर परिणाम झाला नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

माझी तक्रार दरवाजा बंद केल्याबद्दल नव्हतीच. सगळी दारे नीट मिटल्याचा संकेत मिळाल्याशिवाय अशा गाडीला पुढे जायची मुभा मिळत नाही, हे मला माहीत आहे. ते तसेच हवे. एखादे दार बिघडले तर ते यंत्रणेतून वेगळे करून कुलूपबंद करायचे आणि गाडी पुढे न्यायची, हेही योग्य आहे. एका दारासाठी हजारो लोकांना रुळावर अडकवून ठेवा, असे कोण म्हणेल? पण दार कुलूपबंद करण्यासाठी कोणाला तरी त्या दारापाशी यावे लागले असेल. त्या माणसाने किल्ली फिरवली, मग त्याच हाताने दारावर 'हा दरवाजा बंद आहे' अशी पट्टी का लावली नाही? इतर देशांतल्या कित्येक गाड्यांमध्ये बंद केलेल्या दारावर लाल दिवा लागतो किंवा ठळक अक्षरांतली सूचना दिसते, म्हणजे प्रवासी आधीच दुसरीकडे वळतो. आमच्या दारावर आतून काही नव्हते, बाहेरून काही नव्हते. इतर दारांसारखेच ते एक दार दिसत होते.

आपल्या उत्तरात 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' हे शब्द आहेत म्हणून विचारते. त्या दिवशी त्या दारामागे उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांना, डब्यात धूर झाला असता तर, बाहेर पडायचा रस्ता कुठला, हे कोणी सांगितले होते? माणूस घाबरला की सगळ्यात जवळच्या दाराकडे धावतो. ते दार उघडणार नाही हे फक्त आपल्या माणसाला ठाऊक होते आणि तो तिथे नव्हता. बटण दाबले तर उत्तर नाही. याला मी सुरक्षितता मानायला तयार नाही.

जुन्या लोकलमध्ये दार उघडेच असते. कुठून उतरायचे, कुठल्या बाजूला सरकायचे हे प्रवासी स्वतः ठरवतो आणि त्याची किंमतही तोच मोजतो. स्वयंचलित दारांच्या गाडीत हा निर्णय आमच्या हातून काढून यंत्राकडे दिला आहे. तो द्यायलाच हवा होता, यात मला शंका नाही. 9 जून 2025 रोजी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लोंबकळणारी माणसे खाली पडली आणि त्याच दिवशी चौघांचा जीव गेला. त्या मार्गाने रोज जाणारे आम्ही लोक ती बातमी विसरलेलो नाही. आमच्या इमारतीतले कोणी दारात उभे राहून निघाले की घरची माणसे फोनची वाट बघतात. मुंबईत पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी धावली, तेव्हा बंद दारांचे आमच्या घरात मनापासून स्वागत झाले होते. दुसऱ्या वर्गाच्या पासापेक्षा कितीतरी पट पैसे देऊन मी एसीचा पास काढते तो गारव्यासाठी कमी आणि त्या दारांसाठी जास्त. आईला घेऊन जाताना तर दुसरा विचारच करत नाही.

म्हणूनच हे उत्तर मला लागले. मुंब्र्याच्या अपघातानंतर नव्या लोकलना स्वयंचलित दारे येणार, जुन्या गाड्यांनाही ती बसवणार, बिगर-एसी डब्यांत हवा खेळती राहावी म्हणून दारांना झरोके आणि छतावर वायुवीजनाची सोय करणार, असे जाहीर झाले आहे. दार मिटले की आत गुदमरेल, अशी धास्ती लोकांना आहे, आणि ती खोटी नाही. अशा वेळी ज्या गाड्यांना आज बंद दारे आहेत, तिथला अनुभव लोक एकमेकांना सांगणार. 'दार उघडलेच नाही, कोणी सांगितलेही नाही, बटण दाबले तर कोणी बोलले नाही' हे एकदा डब्यात पसरले की लोक दारात पाय किंवा पिशवी अडकवून उभे राहायला लागतात. मग दार मिटत नाही, गाडी सुटत नाही, आणि दोष प्रवाशांच्या शिस्तीवर येतो. दारावर भरवसा बसायला हवा असेल तर बिघडलेल्या दाराची खबर प्रवाशाला सगळ्यात आधी मिळायला हवी.

आपल्याकडून मला पुढील गोष्टींवर लेखी उत्तर हवे आहे. बंद केलेल्या दारावर आतून व बाहेरून, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, लांबून वाचता येईल अशी पट्टी लावण्याचा नियम आपल्याकडे आहे का? असेल तर त्या सकाळी तो का पाळला गेला नाही, आणि नसेल तर कधीपासून होणार? ज्यांना दिसत नाही त्यांना पट्टीचा काय उपयोग, म्हणून त्या डब्यात प्रत्येक स्टेशनच्या आधी घोषणाही झाली पाहिजे. तेवढे करायला नवे यंत्र लागू नये, स्पीकर आहेतच. आपत्कालीन बटण दाबल्यावर उत्तर का मिळाले नाही, ते बटण त्या दिवशी चालू होते का, त्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, हेही कळवावे. आणि बिघडलेले दार त्याच दिवशी कारशेडमध्ये दुरुस्त झाले, की तसेच दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवाशांपुढे आले?

आईची हुकलेली वेळ, रिक्षाचे पैसे, यासाठी मला भरपाई नको. माझी तक्रार निकाली निघाली असा संदेश मात्र मागे घ्यावा आणि ती पुन्हा उघडून वरील प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी हेच पत्र ग्राहक आयोगाकडे आणि आमच्या मार्गावरच्या प्रवासी संघटनेकडे देणार आहे.

सोबत : पासाची प्रत, तक्रार क्रमांक असलेला संदेश, दवाखान्याच्या वेळेची चिठ्ठी आणि दाराचा मोबाइलवर काढलेला फोटो. फोटोत दारावर कोणतीही सूचना नसल्याचे स्पष्ट दिसते.

आपली विश्वासू,
एसी लोकलची एक पासधारक प्रवासी,
ठाणे