गोळ्या इतक्यात सुटणार नाहीत

महोदय,

जनुकोपचारामुळे प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारण्याचा धोका टळणार, अशा आशयाची बातमी आपल्या दैनिकात वाचली. थोरल्या बहिणीने दिलेल्या मूत्रपिंडावर मी अकरा वर्षे जगतो आहे आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घेतो, त्यामुळे ती दोनदा वाचली. मात्र गेल्या आठवड्यात तपासणीसाठी रक्त देण्याच्या रांगेत एका तरुणाने मोबाइलवर तीच बातमी दाखवून “काका, मग आता गोळ्या बंद करायच्या का?” असे विचारले, म्हणून हे पत्र.

या दिशेचे महत्त्वाचे काम टोरांटोतील डॉ. शाफ केशवजी यांच्या चमूने २००९ साली प्रसिद्ध केले. दात्याचे फुप्फुस नुसते बर्फात न ठेवता पारदर्शक घुमटाखाली शरीराच्या तापमानाला आणायचे, त्यात हवा व पोषक द्रव खेळवायचा आणि निरुपद्रवी केलेल्या अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूमार्फत इंटरल्यूकिन-१० चे जनुक श्वासनलिकेतून आत सोडायचे, म्हणजे दाह शमवणारे हे प्रथिन फुप्फुसाच्या पेशी स्वतःच तयार करू लागतात, अशी ही पद्धत आहे. त्या प्रयोगातील मानवी फुप्फुसे प्रत्यारोपणासाठी अयोग्य ठरलेली होती आणि ती कोणाच्याही छातीत बसवली गेली नाहीत. प्रत्यारोपण झाले ते डुकरांमध्ये. उपचार होतो तो अवयवावर, आणि तोही शरीरात बसवण्यापूर्वी. शिवाय अशा विषाणूने पोचवलेल्या जनुकाचा प्रभाव कायम टिकत नाही. माझ्या पोटात अकरा वर्षे नांदत असलेल्या मूत्रपिंडाला त्याचा काय उपयोग?

आपल्याकडे तर बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांकडून मिळतात आणि शेजारच्या शस्त्रक्रियागृहातून थेट येतात, त्यामुळे उद्या ही सोय इथे आली तरी तिचा पहिला लाभ मेंदूमृत दात्यांच्या अवयवांना होईल, असे मला वाटते.

अवयव नाकारला जाऊ नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमस ही गोळी सकाळी नऊ आणि रात्री नऊ. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून जायचे आणि रक्त दिल्यावरच ती घ्यायची, हे आम्हा रुग्णांच्या अंगवळणी पडलेले असते. भाच्याच्या लग्नाच्या धामधुमीत माझ्या दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या, चूक सर्वस्वी माझीच. पुढे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.३ वरून २.४ वर गेले आणि तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड घ्यावे लागले.

तेव्हा अशा बातमीत प्रयोग कोणत्या अवयवावर झाला, माणसावर झाला की प्राण्यावर, हे पहिल्याच परिच्छेदात यावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नयेत, ही ओळ चौकटीत छापावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, सातारा
(कृपया नाव छापू नये.)