कोथरूडचा फ्लॅट कोणी सांभाळायचा?

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

परवा फोनवर आपण तिघं एकाच वेळी बोलत होतो आणि शेवटी विषय गुडघ्याच्या तेलावर जाऊन थांबला. म्हणून लिहूनच काढते. बाबा, तुम्ही याची प्रिंट काढून समासात लाल पेनानं खुणा कराल हे गृहीत धरलंय. करा, जागा सोडली आहे.

तुम्ही दोघं साताऱ्याला, आणि मी बंगळुरूला आल्यापासून पुण्यातला फ्लॅट बंद आहे. भाड्यानं द्यायचा हे ठरलंय. बाबा म्हणतात, लोकांची भाड्याची घरं सांभाळणाऱ्या त्या मॅनेजमेंट कंपनीला देऊन टाकू, भाडेकरू ठाण मांडून बसला तर ते निस्तरतील. आई म्हणते, आपणच बघू, लोकांना फुकट पैसे कशाला द्यायचे. मला आईचं म्हणणं पटतंय, पण तिचं कारण पटत नाही.

आधी बाबांची भीती. ती कुठून आली ते मला माहीत आहे. नारायण पेठेतल्या काकाआजोबांच्या वाड्यातले भाडेकरू, १९४७ च्या भाडे कायद्यानं १९४० च्या पातळीवर गोठलेली भाडी, आणि छप्पर गळलं की दुरुस्ती मात्र मालकाच्या गळ्यात. त्यावर १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे 'लीव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नुसत्या परवानगीवर राहत होते, तेही कायद्यानं भाडेकरू ठरले. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी किल्ली कुणाच्या हातात द्यायला घाबरावं यात नवल नाही.

पण तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं घर सोडायचं. नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची दुप्पट दरानं भरपाई मागता येते. अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी घर मोकळं झालं, असं होत नाही, वेळ जातो. तरी वाड्याची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हेही डोक्यातून काढून टाका. जो आपल्या परवानगीनं करार करून राहतो, त्याचा ताबा नुसती वर्षं मोजून मालकीचा होत नाही.

हे संरक्षण कंपनीमुळे मिळत नाही, नोंदवलेल्या करारामुळे मिळतं. म्हणून ज्या एजंटनं तुम्हाला 'अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू' असं सांगितलं, त्याला परत फोन करू नका. कलम ५५ नुसार आपल्या राज्यात असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला, तर आपण उलटं सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. एवढं सगळं कशासाठी ओढवून घ्यायचं? २८,००० भाडं आणि ८४,००० अनामत धरली तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क आठशेच्या आसपास येतं (एकूण भाडं अधिक अनामतीवरचं १० टक्के व्याज, त्याच्या पाव टक्का) आणि शहरात नोंदणी फी १,०००. करार करून देणारा माणूस यंत्र घेऊन घरी येतो, फोटो आणि अंगठे घेतो, त्याची मजुरी वेगळी. आई, रेशनच्या दुकानात तुझा अंगठा उमटत नाही म्हणून आत्तापासून काळजी करू नकोस, दुसरं बोट चालतं.

आता आईचं कारण. कंपनीनं सांगितलेला दर महिन्याच्या भाड्याच्या ८ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे वर्षाला साधारण ३१,७००. शिवाय दर नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचं भाडं. आयकरात ही फी वेगळी वजा होत नाही. महापालिकेला भरलेला कर वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती करा, मॅनेजर ठेवा किंवा काहीच करू नका. थोडक्यात, भाडेकरू बदलला नाही तरी वर्षाला एक महिन्याच्या भाड्याहून थोडी जास्त रक्कम खिशातून जाईल. रक्कम लहान नाही, पण बाबांचा एक हेलपाटा आणि त्यानंतरचे तीन दिवस गुडघा धरून बसणं यापुढे मला ती मोठीही वाटत नाही. नुसत्या पैशांचा प्रश्न असता तर मीच म्हटलं असतं, द्या.

मला खटकतं ते दुसरंच. भाडेकरू बदलला की ज्याला एक महिन्याचं भाडं मिळतं, तो चांगलं कुटुंब चार वर्षं टिकावं म्हणून का धडपडेल? आणि त्यांच्या कागदात मागच्या पानावर कुलमुखत्यारपत्राचा मजकूर आहे. आपल्या वतीनं भाडेकरू निवडणं, करारावर सही करणं, अनामत घेणं, भाडं आधी त्यांच्या खात्यात आणि मग आपल्या. चारही गोष्टी एकाच हातात.

इथे माझ्या ऑफिसातल्या एकाच्या घराचं काय झालं ते सांगते. बंगळुरूत 'लीज' म्हणून एक पद्धत आहे, आपल्याकडे त्याला हेवी डिपॉझिट म्हणतात. राहणारा एकदम मोठी रक्कम देतो, महिन्याला भाडं देत नाही, जाताना रक्कम परत घेतो. या गृहस्थाला त्याचा मॅनेजर दर महिन्याला नेमानं भाडं पाठवत होता. दीड वर्षानं ते थांबलं. हा स्वतः घरी गेला, तर राहणारे म्हणाले, कसलं भाडं, आम्ही तर बारा लाख भरलेत. मॅनेजरनं त्यांच्याशी लीजचा कागद केला होता, मालकाला भाड्याचा दाखवला होता, आणि बारा लाखांतूनच मालकाला महिन्याचे पैसे देत होता. पैसे संपले, माणूस गायब. आता मालक आणि राहणारे, दोघंही फसलेले, एकमेकांविरुद्ध वकील लावून बसलेत. सगळ्या कंपन्या अशा नसतात, हे मलाही कळतं. पण भाडेकरूचं तोंडही न पाहिलेल्या मालकालाच असं गंडवता येतं.

म्हणून माझा बेत असा. माणूस शोधायला दलाल घेऊ, एकदाच दलाली देऊ, विषय संपला. भाडेकरूला तुम्ही दोघांनी समोर बसवून भेटायचं. आई, पस्तीस वर्षं पालकसभा घेतलेल्या बाईला पाच मिनिटांत माणूस कळतो, त्यासाठी कंपनीचा 'बॅकग्राउंड रिपोर्ट' लागत नाही. करारावर सही तुमची, अनामत आणि भाडं थेट बाबांच्या खात्यात. पुणे पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची असते, ती मी भरते.

आणि फोन. करारात संपर्कासाठी नंबर माझा राहील, तुमचा नाही. कारण मला दोन दृश्यं आत्ताच दिसतायत. भाडेकरू म्हणेल, काकू, या महिन्यात जरा अडचण आहे, आणि आई म्हणेल, असू दे रे बाळा, जेवलास का. किंवा नळाचा वायसर गेला म्हणून बाबा सातच्या एसटीनं खंबाटकी घाट ओलांडून स्वारगेटला हजर. ते करायचं नाही. सोसायटीत नेहमी येणारा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांचे नंबर भाडेकरूला देऊ, बिल मी इथून भरीन. बाबांनी पुण्याला जायचं ते किल्ली देताना, करार संपताना आणि मधे एकदा सहज, चितळ्यांची बाकरवडी आणायला.

बाबांसाठी एक आवडीचं काम मात्र राखून ठेवलंय, अर्ज. घर भाड्यानं दिलं की महापालिकेच्या मिळकतकरातली स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत जाते, तेव्हा वाढीव बिल भाड्याच्या हिशेबात आधीच धरा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासून शासनाचा आदेश आहे. आपले सेक्रेटरी पूर्ण मेंटेनन्सवर टक्का काढतात असं ऐकलंय. तुमच्या खास सरकारी मराठीत त्यांना एक पत्र जाऊ दे.

हा बेत जन्मभरासाठी नाही. माझी इथून परदेशी बदली झाली, किंवा तुमच्यापैकी कुणाचं दवाखान्यात जाणं-येणं वाढलं, तर मी स्वतः मॅनेजर शोधीन आणि त्याचे ८ टक्के खुशीनं देईन. तेव्हाही त्याला धावपळ द्यायची: गळती, रंगकाम, घर दाखवणं, दोन हजारांपर्यंतचा खर्च त्याच्या मनानं. मुखत्यारपत्र द्यायचं नाही आणि पैसे त्याच्या खात्यातून फिरवायचे नाहीत. या अटींवर कोणी तयार झालं नाही तर वर्षातून दोनदा मी विमानानं येईन.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतेय. तोवर बाबा, मिळकतकराचं शेवटचं बिल आणि महावितरणचा ग्राहक क्रमांक काढून ठेवा. कंपनीच्या माणसाचा फोन आला तर मुलीशी बोला म्हणून सांगा. आणि आई, माळ्यावरची तांब्याची घागर आणि पितळी डबे आधी साताऱ्याला न्यायचे. भाडेकरू कितीही सज्जन निघाला तरी ते त्याला वापरायला ठेवायचे नाहीत.

तुमची,
मनू