कुत्री आहे म्हणून नको म्हणू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या काही दिवसांपासून तुमच्या पेपरात भटक्या कुत्र्यांवर वाचकांची पत्रं येऊ लागलीत, कुणी म्हणतंय नगरपालिकेनं सगळी उचलून न्यावीत, कुणी म्हणतंय मुक्या जीवावर दया करा, मी दोन्हीकडची पत्रं गिरणीत बसून पूर्ण वाचली. ज्यांच्या लेकराला कुत्रं चावलंय त्यांचा राग खरा आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण ही कुत्री रस्त्यावर येतात कुठून हे कुणीच लिहिना, म्हणून मी लिहायलोय. गंगाखेडात माझी पिठाची गिरणी आहे, बावीस वर्षं झाली, दिवसभर माणसं येतात जातात, त्यामुळं जे सांगतोय ते डोळ्यानं बघितलेलं आहे.

मागच्या वर्षी पोळा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी शटर उघडायला आलो तर ओट्यावर युरियाचं पोतं, तोंड सुतळीनं आवळून बांधलेलं. वाटलं कुणीतरी रात्रीच दळण टाकून गेलं. उचलायला गेलो तर पोतं हललं. सुतळी कापली तर आत सहा पिल्लं, रात्रभर पाऊस होता, पोतं ओलं, आतमधे घाण झालेली, एकमेकांच्या अंगावर चढून गोळा होऊन बसलेली. महिना-सव्वा महिन्याची असतील, दात आलेले होते. दोन कुत्रे आणि चार कुत्र्या. माझ्या बायकोनं त्यांना जुन्या लुगड्यात गुंडाळून गिरणीच्या मोटारीजवळ ठेवलं, तिथं ऊब असते.

आता इथून पुढचं नीट वाचा. दोन कुत्रे संध्याकाळपर्यंत गेले. एक शेतकरी रानातल्या आखाड्यावर घेऊन गेला, एक शाळेतल्या पोरानं हट्ट करून नेला, त्याची आईच येऊन चौकशी करून गेली, चांगली माणसं. मागं राहिल्या चार कुत्र्या. लाईट गेली की गिरणीवर माणसं थांबतातच, मी प्रत्येकाला म्हणायचो, दादा, मामा, काकू, एखादं पिल्लू घेऊन जा की. पहिला प्रश्न एकच.

"कुत्रा हाय का कुत्री?"
"कुत्री हाय."
"मंग नको बाप्पा."

एक नाही, दोन नाही, पंधरा दिवसात मी हे किती वेळा ऐकलं असंल. कामून नको म्हणून विचारलं तर सांगायचे, कुत्री वर्षातून दोनदा माजावर येती, दारात दहा कुत्रे गोळा होतात, भांडणं, राडा, मग ती व्याली की पिल्लं कुठं टाकायची. लोक खोटं बोलत नाहीत. कुत्री दोन महिन्यात, म्हणजे धरा ६३ दिवसात विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात, आणि पहिला माज सहा-आठ महिन्याची झाली की येतो. पण बघा, जी कुत्री या भीतीपायी कुणी घरात घेत नाही ती रस्त्यावरच वाढते ना, आणि रस्त्यावर तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करणारं कुणीच नाही, ती तिथंच विते, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यात विते आणि मग ते युरियाचं पोतं तयार होतं. जे पोतं माझ्या ओट्यावर आलं त्याच्या आईलाही कुणीतरी लहानपणी "मंग नको" म्हणलेलं असणार. नगरपालिकेनं कितीही गाड्या फिरवल्या तरी हे कसं थांबणार? एका गावची कुत्री धरून रात्री दुसऱ्या गावच्या शिवारात सोडतात हे पण आम्ही बघितलंय, तिथली कुत्री नव्याला टिकू देत नाहीत, फाडतात, आणि जी वाचतात ती भेदरलेली असतात, तीच माणसाच्या अंगावर येतात.

पोत्यात बांधून टाकणाऱ्याला वाटतं आपण मारलं तर नाही ना. जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड बघा, १० ते ५० रुपये. आजही तेवढाच. माझ्याकडं पायलीभर ज्वारी दळायला सुद्धा... जाऊ द्या. विष घालून मारलं तर मात्र आता नवीन भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमात पाच वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे माहीत असू द्या.

त्या चार कुत्र्यांचं सांगतो. आम्ही रंगावरूनच हाका मारायचो, पिठी, काळी, भुरी, तांबडी. पहिली चूक माझीच, मी म्हशीचं दूध पाजलं, चारहींना हागवण लागली. डॉक्टर म्हणले दूध बंद करा, दात आलेल्या पिल्लाला भाकरी कुस्करून पातळ करून द्या, उकडलेलं अंडं द्या, दहीभात द्या, बिस्किट तर अजिबात नको. आपल्याकडं सगळे पार्लेच टाकतात कुत्र्याला. जंताचं औषध झालं. लस द्यायला पुढच्या सोमवारी या म्हणले, आणि त्या सोमवारच्या आत भुरी पडली. आधी खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची हागवण, तो वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. पार्वो. विषाणूचा रोग आहे, त्याला मारणारं थेट औषध नाही, सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, आणि पिल्लानं तग धरायची वाट बघायची. भुरी तिसऱ्या दिवशी गेली. तोवर तांबडीला पण लागण झालेली. तिला पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन, बायको मांडीवर घेऊन बसायची, इकडं दळणाची गर्दी, मी हात धुवायचो, पट्टा चालू करायचो, परत जाऊन बघायचो. सहाव्या दिवशी तांबडीनं स्वतःहून पाणी पिलं आणि बायको रडायलाच लागली. ते पाच दिवसांचं सलाईन कितीला पडलं ते लिहीत नाही, पण लसीचा खर्च त्याच्यापुढं काहीच नाही. दीड-दोन महिन्याचं पिल्लू झालं की पार्वो आणि डिस्टेंपर (हा पण कुत्र्याचा विषाणूचाच रोग) यांची एकत्र लस मिळते, तीन-चार आठवड्यानं परत, आणि तीन महिन्याला रेबीजची, मग दरवर्षी. पार्वो जमिनीत कित्येक महिने राहतो, म्हणून जिथं असं पिल्लू गेलंय तिथं लस न झालेलं दुसरं आणून ठेवू नका, आम्ही सगळी फरशी ब्लीचिंगनं धुतली.

पिल्लं बरी झाल्यावर परत गिऱ्हाईकांच्या मागं लागलो, पण यावेळी बोलण्याची पद्धत बदलली. "कुत्री हाय" म्हणलं की लगेच पुढं जोडायचो, "ऑपरेशन मी करून देतो, तुम्हाला एक रुपया नाही, फक्त तुमच्या दारात राहू द्या." आणि काय सांगू, हे ऐकून माणसं थांबायला लागली, विचार करायला लागली! म्हणजे लोकांना कुत्रीचा राग नाही, तिच्या वेताची भीती आहे. पिठी गेली एका आखाड्यावर, पालम रोडला, तिथं रात्री डुकरं येतात पिकात, मालकाला आवाज देणारं कुणीतरी पाहिजेच होतं. काळी राहिली आमच्याकडं.

तांबडी गेली एका नोकरदार घरात. इथं माझी दुसरी चूक. शिकलेली माणसं, गोड बोलणारी, मी काहीच विचारलं नाही. भाड्याचं घर आहे का, घरमालकाला चालतं का, बदली झाली तर काय, दिवसभर घरी कोण असतं, काही म्हणजे काही नाही. सहा महिन्यानं बदली झाली आणि सामान गेलं, तांबडी नाही गेली. मला कळायला वीस दिवस लागले, परळी रोडच्या एका ढाब्यावर आहे म्हणून एका ड्रायव्हरनं सांगितलं. गाडी घेऊन गेलो. कानामागं जखम, तिच्यात आळ्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. हाक मारली तर आली नाही, लांबूनच बघत राहिली. जवळ जाऊन बसलो, हात पुढं केला, तिनं माझ्या बाहीला नाक लावलं, बाहीवर पीठ असतंच माझ्या, आणि मग तोंड जे खुपसलं ते काढीचना. त्या माणसाला मी फोन केला नाही. काय बोलणार.

आता पिल्लू देताना मी सगळं विचारतो, महिन्यानं जाऊन बघून येतो, आणि जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, मला परत आणून द्या, मी काही बोलणार नाही, हे शब्द तोंडावर सांगतो.

ऑपरेशनचं सांगायचं राहिलं. आमच्याकडून परभणी चाळीसेक किलोमीटर, तिथल्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात काळीचं आणि तांबडीचं झालं, टोमॅटोच्या कॅरेटमधे गोणपाट टाकून घेऊन गेलो होतो. सहा-सात महिन्याची झाली की करता येतं. एकदा वेत होऊ द्यावं लागतं असं लोक म्हणतात ते खरं नाही, डॉक्टरांनीच सांगितलं. भूल देऊन करतात, आठ-दहा दिवस टाके जपायचे, चाटू नये म्हणून गळ्यात ती गोल पट्टी. दोघी तिसऱ्या दिवशी भाकरीला भांडायलेत. पिठीला नेताना आखाड्याचा मालक स्वतः बरोबर आला. पण साहेब, माझ्याकडं गाडी आहे, गिरणी एक दिवस बंद ठेवली तरी चालतं. पालम-सोनपेठकडच्या एखाद्या खेड्यातल्या बाईनं कुत्री सांभाळायची ठरवली तर ती परभणीला कशी नेणार, एसटीत घेतील का? तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस जरी कुत्रीच्या ऑपरेशनचा ठेवला तरी किती फरक पडंल. माझी खरी मागणी ही आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमात नसबंदी आणि लस करून कुत्रं होतं तिथंच सोडायचं असं आहे, २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीच्यांसाठी तेच सांगितलं, आणि ज्याला दत्तक घ्यायचंय त्यानं अर्ज करावा असंही त्यात आहे. मोठ्या शहरात त्यासाठी सेंटर असतात, आमच्यासारख्या गावात कागदच येतो.

चावण्याबद्दल पण लिहितो, नाहीतर म्हणाल ह्याला माणसाची काळजी नाही. कुत्रं चावलं की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना, तिथं लस फुकट आहे, सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. पाळीव कुत्र्यानं चाटलं-ओरखडलं तरी डॉक्टरला दाखवा. माझ्या गिरणीच्या भिंतीवर मी हे खडूनं लिहून ठेवलंय, भाव लिहितो त्याच्या खाली.

आमच्या गंगाखेडची जनाबाई ज्यांच्या घरी राहिली ते नामदेव महाराज, इकडं हिंगोलीच्या नरसीचे. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागं पळाले ही गोष्ट आपण लहान लेकरांना सांगतो. माझी आई सांगायची. त्या गोष्टीत कुत्रा होता का कुत्री हे मी कधी विचारलं नाही, नामदेवांनी पण विचारलं नसंल. खंडोबासोबत कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, माहूरला जाऊन आपण हात जोडतो, नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तर हौशी लोक आपापली कुत्री मिरवायला आणतात. आणि घरी आल्यावर कुत्री व्याली की पोतं शोधतो, मला हे कळत नाही.

तुमच्या पेपरात गाड्या, प्लॉट, स्थळं यांच्या छोट्या जाहिराती असतात. त्यात आठवड्यातून एक दिवस चार ओळींची जागा पिल्लांसाठी फुकट द्यावी ही विनंती, आणि त्यात कुत्री असंल तर कुत्रीच लिहावं, लपवू नये.

तांबडी आता माझ्या मेव्हण्याच्या घरी आहे, रानात नाही, घरात. माझ्याकडं आत्ता दोन पिल्लं आहेत, दोन्ही कुत्र्या, एक बांडी, एक पूर्ण काळी, यावेळी पोत्यात नाही, खोक्यात आली होती. पहिली लस झालीय, दुसरी पुढच्या आठवड्यात. ज्यांना पाहिजे त्यांनी दळणाच्या वेळेत गिरणीवर या, सकाळी आठ ते दुपारी एक. सहा महिन्यानं परभणीला घेऊन जायला गाडी माझी, मी स्वतः येतो.

आपला वाचक,
एक गिरणीवाला, गंगाखेड, जि. परभणी