तक्रार: पुस्तिकेप्रमाणे चार्ज केलेल्या बॅटरीची वॉरंटी नाकारल्याबद्दल

डिचोली, गोवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

14 महिन्यांपूर्वी घेतलेल्या आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी वॉरंटीत बदलून द्यायला आपण नकार दिलात. कारण लिहिलंत, 'ग्राहकाने बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली.' ॲपच्या नोंदीत ती 13 वेळा शून्यावर गेलेली दिसते, हे खरं आहे. आता आपल्याच पुस्तिकेचं पान 22 उघडा: 'महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण संपवून पूर्ण भरावी.' 14 महिने, 13 वेळा. एक महिना चुकला, त्याबद्दल क्षमस्व.

हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्यांना 'मेमरी'चा दोष होता, म्हणजे अर्धवट उतरवून भरत राहिलं की क्षमता घटल्यासारखी वाटे; आपल्या स्कूटरमधल्या लिथियम-आयनला तो नाही. तिला पार तळापर्यंत उतरवणं बाधतं. आपल्या पॅकमध्ये 14 सेलगट सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले, आहेत आणि ते तंतोतंत सारखे कधीच नसतात. आपल्याच सर्व्हिस सेंटरने दिलेला छापील कागद पाहा: डॅशबोर्डवर शून्य असताना 13 गट 3.05 ते 3.10 व्होल्टवर, आणि नववा 2.61 वर. पॅकची बेरीज मात्र 42 च्या वरच, म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, गप्प. त्याने बेरीज नव्हे, सर्वांत कमजोर गट बघून गाडीचा पुरवठा तोडायला हवा. आपल्या तपशीलपत्रात सेलची किमान मर्यादा 2.8 व्होल्ट दिली आहे. कमजोर गट असा दर महिन्याला मर्यादेखाली ओढला गेला की त्याची क्षमता आणखी घटते आणि पुढच्या वेळी तो आणखी लवकर तळ गाठतो. ही चूक ग्राहकाच्या सवयीची की बीएमएसच्या सेटिंगची?

दुसरी गोष्ट 100 टक्क्यांची, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिनेच केलं. पुस्तिका म्हणते, 'रोज रात्री चार्जर लावून ठेवा.' चार्जर मध्यरात्रीनंतर कधीतरी पॅक 58.8 व्होल्टला, म्हणजे दर सेल 4.2 ला नेतो आणि सकाळपर्यंत पॅक तिथेच बसून राहतो. पावसाळ्यात रात्रीतून तीन-चारदा वीज जाते. आल्यावर प्रत्येक वेळी चार्जर पॅक पुन्हा काठोकाठ भरतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली संध्याकाळी पॅकचं तापमान ॲपमध्ये 46 अंश दिसतं. आपल्या पॅकमधली एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची सेल पूर्ण भरलेली आणि वरून उष्णता, हे दोन्ही एकत्र आले की इलेक्ट्रोलाइट बिघडतं, ऋण इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि वापरण्याजोगं लिथियम त्यात अडकतं. गाडी जागेवरून न हलताही हे चालू असतं. पॅक एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारचा असता तर 100 टक्क्यांचा मी एवढा बाऊ केला नसता.

4.2 ऐवजी 4.1 ला थांबलं, म्हणजे आपल्या पॅकसाठी 57.4 व्होल्टला, तर चार्जिंगची आवर्तनं (सायकल) साधारण दुप्पट मिळतात असा ढोबळ हिशेब आहे. पल्ला थोडा घटतो, इतकंच. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण भरणं ठीक, कारण आपला बीएमएस सर्व गटांचं व्होल्टेज पॅक पूर्ण भरत आल्यावरच समान करतो. पण तेही सकाळी निघायच्या आधी पूर्ण होईल अशा बेताने, आणि फेरीहून आल्यावर पॅक निवल्यानंतर. ॲपमध्ये मात्र ना 80 टक्क्यांची मर्यादा आहे, ना चार्जिंगची वेळ ठरवायची सोय.

आजची स्थिती: 40 अँपिअर-तासांच्या पॅकमधून लोड लावून 27 निघतात. पल्ला 90 वरून 61 किलोमीटर. वॉरंटीत तीन वर्षांसाठी 70 टक्क्यांची हमी आहे, 27 म्हणजे 67.5 टक्के.

तेव्हा पॅक वॉरंटीत बदलून द्यावा. नव्या पॅकच्या बीएमएसमध्ये गटवार कट-ऑफ (मर्यादेला पुरवठा तोडणं) आणि ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा द्यावी. वीज आल्यावर पॅक 90 टक्क्यांखाली नसेल तर चार्जरने पुन्हा सुरू होऊ नये. पान 22 रद्द करावं. पान 24 वरचं 'पावसाळ्यात गाडी बंद ठेवताना पूर्ण भरून ठेवा' हेही. तिथे 50 टक्के, सीटखालचा एमसीबी (पुरवठा तोडणारा स्विच) बंद आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज तपासणी, एवढं लिहिलं तरी पुरे.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सर्व्हिस सेंटरचा कागद, ॲपच्या नोंदी आणि पान 22 ची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक