कॅन्टीनच्या काकूंना, एका चमच्याबद्दल

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

आधी उणीदुणी उरकून घेतो, म्हणजे मग मोकळ्या मनाने आभार मानता येतील.

तुमच्या आधीच्या कंत्राटदाराच्या काळात काउंटरवर वेफर्स-चिप्सच्या पुड्यांच्या माळा लटकायच्या, नेमक्या पाचवीतल्या पोराच्या नजरेला येतील अशा उंचीवर. शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मेद, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायचे नाहीत, हा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम 2020 चा. टेप घेऊन मोजायला कोण जातंय! 2025 मध्ये सीबीएसईने ‘शुगर बोर्ड’, म्हणजे जास्त साखरेचे धोके सांगणारा फलक, लावायला सांगितलं, तेव्हा तोही लॅमिनेट होऊन लागला. कुठे, तर कोल्ड्रिंकच्या फ्रिजशेजारी. मग व्याख्यानाला एक तज्ज्ञ आले. पडद्यावर खराब झालेलं यकृत दाखवलं आणि नववीतल्या एका अंगाने भरलेल्या मुलाला उभं करून ‘याने काय टाळायला हवं?’ असं सगळ्या वर्गाला विचारलं. पोरं हसली. मधल्या सुट्टीत त्याच पोरांनी पुड्या घेतल्या, तोही त्यांच्यात होता.

हे लिहिताना अजून राग येतो. कारण पुडी संपेपर्यंत हात थांबत नाही, यात त्या पोराचा नाकर्तेपणा नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 मध्ये 20 प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या ताटांमध्ये साखर, मेद, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पुडीबंद अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. मोठ्यांची ही गत, तर तेरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत उभं करून काय साधतं?

आणि मग तुम्ही आलात. तुम्ही भाषण केलं नाहीत. माळा काढल्यात आणि काउंटरवर एक स्टीलचा डबा व एक चमचा ठेवलात. नवा पदार्थ असला की जो येईल त्याच्या तळहातावर एक चमचा, फुकट. आणि ‘आवडलं का?’ हे विचारायचं नाही. लगेच पुढच्याकडे वळायचं.

आम्हाला भरून येतं ते या न विचारण्यामुळे. अनोळखी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा तरी ती जिभेवर यावी लागते, कधी पंधरा वेळाही. पण ‘आवडलं का?’ विचारलं की मूल तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणून मोकळं होतं, आणि एकदा चारचौघांत ‘नाही’ म्हटलं की ते निभवावं लागतं, विशेषतः आठवी-नववीत. तुम्ही तो प्रसंगच येऊ दिला नाहीत. त्या नववीतल्या मुलालाही तसाच चमचा, तेवढाच भरलेला. त्याच्या अंगाकडे पाहून कमी नाही, की कौतुकाने जास्त नाही. ‘तिखट चालतं ना रे?’ एवढंच काय ते विचारलंत. एखाद्याची चव विचारावी, वजन विचारू नये, एवढी साधी रीत घरोघरीच्या लग्नकार्यातसुद्धा पाळली जात नाही, काकू. तिथे तर पंगतीत वाढणाराही टोमणा मारून पुढे जातो.

बाकी श्रेय तुमच्या हाताला. मुलांना पुडीतलं नेमकं काय हवं असतं ते तुम्ही ओळखलंत: कुरकुरीतपणा, आंबटपणा आणि बोटं चाटायला लावणारा मसाला. तोच धागा धरून तुम्ही पातळ पोह्यांचा भाजका चिवडा केलात. किलोभर पोहे, पाव-पाव किलो शेंगदाणे आणि डाळं, तेल जेमतेम शंभर मिली, मीठ 15 ग्रॅम. पोहे आधी उन्हात तापवून मग जाड बुडाच्या कढईत, थोडे थोडे, मंद आचेवर. मोठ्या आचेवर ते आक्रसतात आणि चिवट लागतात. चिमटीत चुरडले की झाले. फोडणीतला कढीपत्ता पुरता कुरकुरीत व्हायला हवा, नाहीतर त्याच्या ओलाव्याने दुपारपर्यंत अख्खा डबा सादळतो. तिखट-हळद गॅस बंद केल्यावरच, नाहीतर करपून कडवट होतात. डबाही चिवडा पूर्ण गार झाल्यावरच भरायचा.

मिठाची खुबी तर पाककृतीच्या व्हिडिओंत क्वचितच ऐकायला मिळते. मीठ, आमचूर आणि जिरेपूड एकत्र मिक्सरमधून अगदी पिठासारखी फिरवायची. बारीक मीठ पोह्याला चिकटतं आणि जिभेवर लगेच विरघळतं, म्हणून कमी असूनही भरपूर लागतं. जाडं मीठ डब्याच्या तळाशी जातं, वरचा चिवडा अळणी लागतो आणि मग वरून आणखी मीठ पडतं.

वाटी दहा रुपयांना, हेही मुद्दाम. पुडी दहाचीच असते आणि मुलाच्या खिशात तेवढीच नोट असते. पंधरा ठेवले असते तर फाटकाबाहेरची टपरी जिंकली असती. ताक आणि मटकीची उसळ हळूहळू मागून आलीच.

घरून पुडी आणणाऱ्याला तुम्ही कधी हटकलं नाहीत. ‘मागची बाजू वाच बघू’ म्हणालात. आता सातवीतली पोरंही आम्हाला ऐकवतात: पुढच्या बाजूला नाचणीचं चित्र असलं तरी घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिला मैदा असेल तर ती मैद्याचीच बिस्किटं. आकडे एका ‘सर्व्हिंग’चे, म्हणजे 20-30 ग्रॅमचे असू शकतात, पोटात जाते अख्खी पुडी. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 800 मिलिग्रॅम म्हणजे 2 ग्रॅम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादाच 5. वरून घातलेल्या साखरेची टक्केवारी प्रौढाच्या 50 ग्रॅमवर काढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेला जमल्यास हवी आहे ती याच्या निम्मी, म्हणून पुडीवरचे 20 टक्के त्या हिशेबाने 40 होतात. कोल्ड्रिंकची साधी 250 मिलीची बाटली घेतली तर बऱ्याचदा ती एकटीच हे निम्मे, म्हणजे 25 ग्रॅम, गाठते. हे गुणाकार पोरं आमच्याआधी करतात, त्यामुळे वाणसामान आणताना आमची पंचाईत होते, ते एक असो.

मार्चमध्ये कंत्राटाचं नूतनीकरण आहे. पालक-शिक्षक सभेत आम्ही तुमच्या नावाचा ठराव मांडतोय, सह्या गोळा करणं चालू आहे. स्वस्त निविदा कुणाची येईल ते आम्हाला ठाऊक आहे, त्यांच्याकडे माळा अजून गुंडाळून ठेवलेल्या असतील. तुमचा अर्ज मात्र वेळेत द्या, अनुभवाचा दाखला जोडायला विसरू नका.

आणि एक तक्रार आहेच. चिवडा पहिल्या सुट्टीतच संपतो, दहावीची मुलं सराव परीक्षा आटोपून उशिरा येतात तेव्हा डब्यात चमचा नुसता खडखडतो. पोहे दीड किलो घ्या. भाजायला माणूस हवा असेल तर शनिवारी सकाळी आमच्यापैकी दोघं येऊ शकतात.

आपले,
सहावी ते दहावीच्या मुलांचे काही पालक