‘झाल्यावर’ म्हणजे ‘झाल्याबरोबर’ की ‘झाल्यास’? : नियमपुस्तिकेतील दोषाबाबत चौथी आणि पहिली लेखी तक्रार

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
दि. 24 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल सायंकाळी आपल्या कार्डांच्या खेळाच्या मदत क्रमांकावरील प्रतिनिधीने मला ‘सर, नाणं उडवा ना’ असा सल्ला दिला आणि माझे वाक्य पुरे होण्याआधीच फोन बंद झाला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सलग तीन सोमवारी मी तीन फोन केले, तीन परस्परविरोधी उत्तरे मिळाली आणि तिन्ही तोंडी मिळाली. मी 31 वर्षे दिवाणी न्यायालयात लिपिक होतो. तोंडी उत्तराचे मोल काय असते हे मला तिथे शिकवण्यात आले आहे, तेव्हा यापुढे जे सांगायचे ते कृपया लेखी सांगावे.

खेळ आपलाच असल्यामुळे तत्काळ कार्ड केव्हा टाकता येते, साखळी (म्हणजे एकावर एक टाकलेली कार्डे) कशी सुटते वगैरे आपल्याला समजावून सांगत बसत नाही. रविवार, 8 जून रोजी माझ्या मुलाच्या स्टेशनरीच्या दुकानात आपल्या 2,400 रुपयांच्या स्पर्धा संचावर 16 मुलांची स्पर्धा झाली. संचातील पत्रकात ‘एक निष्पक्ष प्रौढ व्यक्ती पंच म्हणून नेमावी’ अशी सूचना आहे. 1 जूनपासून मासेमारी बंद असल्याने रिकाम्या प्रौढ व्यक्तींची त्या दुपारी दुकानात वाण नव्हती, परंतु त्यांपैकी निम्मे जण अंतिम फेरीतील मुलीचे वडील, काका आणि त्यांच्या होडीवरचे खलाशी असल्यामुळे निष्पक्ष असा मीच उरलो. मी त्याआधी तीन रात्री आपली मराठी नियमपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. आपल्या कार्यालयात ती कोणी वाचली आहे का, याविषयी मला आता शंका आहे.

अंतिम डावात त्या बारा वर्षांच्या मुलीने जे कार्ड टाकले त्यावर ‘प्रतिस्पर्ध्याचे एक पात्र नष्ट करा, त्यानंतर एक कार्ड ओढा’ असे छापले आहे. समोरच्या चौदा वर्षांच्या मुलाचे जे पात्र नष्ट झाले त्यावर ‘हे पात्र नष्ट झाल्यावर तुम्ही आपल्या डेकमधील एक पात्र मैदानात आणू शकता’ असा मजकूर आहे. मुलीने पात्र बाद केले, कार्ड ओढले, आणि मुलगा म्हणाला, आता मी माझे पात्र आणतो. मुलीचे म्हणणे असे की तुझी वेळ टळली, कारण सर्वांत शेवटी घडलेली गोष्ट पात्र नष्ट होणे ही नसून कार्ड ओढणे ही आहे. मुलाचे म्हणणे असे की ‘झाल्यावर’ म्हणजे झाल्यानंतर, मग मध्ये एक कार्ड ओढले काय आणि चार ओढली काय. उभय पक्षांनी आवाज न चढवता म्हणणे मांडले. आवाज होड्यांवरच्या मंडळींनी चढवला.

हा पेच जगात प्रथमच आमच्या दुकानात पडला असे मी मानत नाही. ‘यु-गि-ओ’ या जपानी कार्डांच्या खेळात तो इतका जुना आहे की त्याला ‘वेळ चुकणे’ असेच म्हणतात. तिथे ‘व्हेन’ने सुरू होणारी ऐच्छिक कृती ती घटना अगदी शेवटची असेल तरच करता येते, ‘इफ’ने सुरू होणारी मात्र चुकत नाही. 2011 पासून त्यांनी कार्डांवरील वाक्यरचनाही शिस्तीत बांधली आहे : अपूर्णविरामाच्या आधी अट, अर्धविरामाच्या आधी कार्ड वापरतानाच चुकवायचे मोल, आणि त्यापुढे परिणाम. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कार्डांच्याच दुसऱ्या खेळामध्ये 1999 च्या सहाव्या आवृत्तीपासून सर्व काही एकावर एक रचले जाते आणि वरचे आधी सुटते. तिथे अशी कृती टळत नाही, ती पुढच्या संधीची वाट पाहते आणि मग रचली जाते. दोन्ही खेळाडूंच्या कृती एकाच वेळी उद्भवल्या तर ज्याची पाळी चालू आहे त्याच्या खाली आणि दुसऱ्याच्या वर, हेदेखील तिथे ठरलेले आहे. दोन खेळांची उत्तरे वेगळी आहेत आणि त्याला माझी हरकत नाही. हरकत आपल्याकडे एकही उत्तर नसण्याला आहे.

खरे तर उत्तर आपल्याकडे होते. आपल्या इंग्रजी पुस्तिकेच्या पृष्ठ 19 वर ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांतील फरक सांगणारा पूर्ण परिच्छेद आहे, तो मला नंतर माझ्या मुलाने मोबाईलवर काढून दाखवला. मराठी पुस्तिकेत तो परिच्छेदच नाही, आणि इंग्रजी कार्डांवर ‘व्हेन’ असो वा ‘इफ’ असो, मराठीत सरसकट ‘झाल्यावर’ छापले आहे. मराठी भाषेत ‘झाल्याबरोबर’ आहे, ‘झाल्यास’ आहे, ‘झाला की’ आहे, ‘झाल्यानंतर’ आहे. ‘रक्कम जमा झाल्यास ताबा द्यावा’ आणि ‘रक्कम जमा झाल्यावर ताबा द्यावा’ या दोन वाक्यांवर माणसे उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतात. ज्यांनी भाषांतराचे पैसे घेतले त्यांना या चार शब्दांतून एक निवडण्याचे कष्ट झेपले नाहीत.

याहून मोठा प्रमाद पृष्ठ 11 वर आहे. इंग्रजीत जिला साखळी म्हटले आहे तिला मराठी पुस्तिकेत चार ठिकाणी ‘साखळी’ आणि सहा ठिकाणी ‘रांग’ म्हटले आहे. आपल्या खेळात शेवटी टाकलेले कार्ड आधी सुटते. एसटीच्या रांगेत शेवटी उभा राहिलेला प्रवासी सर्वांत आधी गाडीत चढतो असे आपल्या शहरात होत असेल तर मला कल्पना नाही, वेंगुर्ल्यात होत नाही.

माझ्यासमोर त्या दिवशी फक्त मराठी पुस्तिका होती. तिच्यातील शब्दाचा साधा अर्थ घेऊन मी मुलाच्या बाजूने निकाल दिला. मुलगी काही बोलली नाही. तिने कार्डे जुळवली, रबर लावले, डबीत ठेवली आणि वडिलांबरोबर पावसातच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, 9 जूनला, आपल्याकडील एका बाईंनी अतिशय सौजन्याने सांगितले की इंग्रजी मजकूर प्रमाण धरावा, तिथे ‘व्हेन’ आहे, म्हणजे मुलगी बरोबर. 16 जूनला एका गृहस्थांनी तितक्याच सौजन्याने सांगितले की संच मराठी असल्याने मराठी मजकूर प्रमाण, म्हणजे मुलगा बरोबर. दोघांनाही मी लेखी मागितले. दोघांनीही ‘मेल येईल’ असे सांगितले. मेल आली नाही.

आता कालचे. मी तक्रार क्रमांक सांगितला. प्रतिनिधीने विचारले, ‘सर, कार्ड फाटलेलं आहे का?’ मी नाही म्हणालो. ‘भिजलेलं आहे का?’ जून महिन्यात आमच्याकडे न भिजलेली वस्तू दाखवणे अवघड आहे, तरीही कार्ड कोरडे असल्याचे मी सांगितले. ‘मग पाकिटात कमी आहे का?’ मी म्हणालो, कार्डे पूर्ण आहेत, नियम कमी आहे. यावर बराच वेळ टंकण्याचा आवाज आला आणि मग, ‘सर, सिस्टीममध्ये नियम असा ऑप्शन नाहीये. मी कार्ड कमी म्हणून टाकतो.’ मी सांगितले, खोटी नोंद करू नका. ‘तुमच्यासाठीच करतोय सर, नवीन कार्ड येईल.’ कोणते? ‘ते काही सांगता येत नाही, कुठलंही येतं.’ त्यानंतर मी सुमारे सात मिनिटे सारा प्रकार पुन्हा कथन केला. तो ऐकल्यावर (येथे ‘झाल्याबरोबर’ हा अर्थ घ्यावा) ते म्हणाले, ‘सोपं आहे सर, ज्याचं कार्ड टेबलावर आधी पडलं तो पहिला.’ मी म्हणालो, आपल्याच नियमाप्रमाणे शेवटचे आधी सुटते. ते म्हणाले, ‘असं कसं सर? रांग आहे ना ती?’ म्हणजे पृष्ठ 11 निदान त्यांनी तरी वाचले होते. मग त्यांनी मला वय विचारले. मी 68 सांगितले. ‘मग सर, लहान मुलांचा खेळ आहे, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? नाणं उडवा ना, मुलं पण खूश.’ मी म्हणालो, मुले खूश नाहीत, एक मुलगी... आणि लाइन तुटली. वीज आमच्याकडे होती, नेटवर्कही होते. तुटली ती आपल्याकडून.

माझ्या वयाचा आणि साखळीचा संबंध काय, हे लेखी उत्तरात नमूद केल्यास आभारी राहीन.

पत्त्यांच्या डावातले वेळेचे नियम या मुलखाला नवे नाहीत. इथून जवळच सावंतवाडीला दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवतात, 10 रंग, प्रत्येकी 12, अशी 120 गोल पाने. त्या खेळात दिवसा राम हाती असलेला डाव सुरू करतो आणि रात्री कृष्ण हाती असलेला. तिन्हीसांजेला खेळायला बसणाऱ्यांनी भांडावे एवढी फट त्या नियमातही आहे, पण दिवस आणि रात्र या दोहोंसाठी एकच शब्द छापून मोकळे होण्याची युक्ती तो खेळ घडवणाऱ्यांना सुचली नव्हती.

आम्ही आपला खेळ दुकानात ठेवला तो केवळ मराठी पुस्तिका आहे म्हणून. मुलांना इंग्रजी खेळ मोबाईलवर भरपूर मिळतात. ‘आपल्या भाषेत, आपल्या मुलांसाठी’ असे खोक्यावर छापलेले पाहून मला मनापासून आनंद झाला होता, हे आता सांगताना संकोच वाटतो.

माझी मागणी अशी आहे की वर दिलेल्या स्थितीत कोणाचे म्हणणे ग्राह्य, याचा निर्णय कंपनीच्या पत्रशीर्षावर, सहीनिशी द्यावा आणि पृष्ठ 11 व ‘झाल्यावर’ असलेली सर्व कार्डे यांचे मराठी शुद्धिपत्रक काढावे. तसेच माझी तक्रार ‘कार्ड कमी’ या सदराखालून काढावी. कार्डे पूर्ण आहेत, हे पुन्हा सांगतो. बक्षिसाचे चमकते कार्ड मुलाने निर्णय होईपर्यंत घेण्यास स्वतःहून नकार दिला असून ते मुद्देमालासारखे लखोट्यात बंद करून, वर तारीख घालून, दुकानाच्या खणात ठेवले आहे. चौदा वर्षांच्या मुलाला जे कळले ते आपल्या विभागाला कळावे, ही अपेक्षा फार नसावी. निर्णय मुलीच्या बाजूने आला तर तिच्या घरी जाऊन माझी चूक झाली असे सांगण्याची माझी तयारी आहे. आपली काय तयारी आहे ते कळवावे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाख रुपयांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि मला वेळ भरपूर आहे. शिवाय 27 ऑगस्टला गणपती आहेत. चाकरमान्यांची मुले आली की दुकानात जी विक्री होते तिच्यासाठी माझा मुलगा जुलैतच माल मागवतो. यंदा आपली पाकिटे मागवायची की नाहीत, हे त्याने माझ्यावर सोपवले आहे.

आपला,
एक ग्राहक व 8 जूनच्या स्पर्धेचा पंच

ता. क. : हे पत्र पाकिटात घालत असताना आपला संदेश आला. ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाल्यावर कृपया आम्हाला 5 पैकी गुण द्यावेत.’ येथे ‘झाल्यावर’ म्हणजे नेमके काय, हेही त्याच पत्रात कळवावे. तोपर्यंत गुण राखून ठेवले आहेत.